विस्मरणावर बौद्धिक सराव : काय मिळते आणि काय मिळत नाही

'रोज पंधरा मिनिटे हे खेळ खेळा आणि स्मरणशक्ती तल्लख ठेवा' अशा आशयाच्या जाहिराती साठी ओलांडलेल्या कोणाच्याही मोबाइलवर आता सर्रास दिसतात. त्यातच जुलै २०२५ मध्ये 'यूएस पॉइंटर' या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आहार, व्यायाम, लोकांतील ऊठबस व मेंदूला चालना देणारा सराव यांची सांगड घातल्यास उतारवयात बुद्धीचे कामकाज सुधारू शकते, अशी बातमी झाली. अशा बातमीचा प्रवास ठरलेला असतो. ती हातोहात पुढे जाता जाता 'कोडी सोडवा, अल्झायमर टाळा' एवढीच उरते. ज्या घरात आई किंवा वडील अलीकडे तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारू लागले आहेत, त्या घराला या दोन विधानांतला फरक कळणे फार गरजेचे आहे. कारण दुसऱ्या विधानावर विसंबले तर पैसा आणि वेळ जातोच, शिवाय जे आधी करायला हवे ते राहून जाते.

माझे मत आधीच सांगून टाकणे बरे. सौम्य विस्मरण असलेल्या माणसाला बौद्धिक सरावाचा उपयोग होऊ शकतो, पण गेलेली स्मरणशक्ती त्याने परत येते अशा समजुतीने तो करू नये. उरलेल्या शक्तीवर रोजचे व्यवहार आपल्या हाती कसे ठेवावेत, हे शिकण्यासाठी तो करावा आणि त्याच कसोटीवर तो निवडावा.

वयाचा विसर आणि आजार यांच्या मधली पायरी

वय वाढले की ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी ओठांवर येत नाही, चष्मा शोधावा लागतो, स्वयंपाकघरात कशासाठी आलो ते क्षणभर सुचत नाही. थोड्या वेळाने आठवते आणि काम पुढे चालू होते. हा वयाचा भाग झाला. दुसऱ्या टोकाला स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया असतो. त्यात बुद्धीची घसरण एवढी झालेली असते की पैशांचा हिशेब, औषधे, स्वयंपाक, एकट्याने प्रवास ही कामे दुसऱ्याच्या मदतीविना निभावत नाहीत. अल्झायमर हा डिमेन्शियाला कारण होणाऱ्या आजारांपैकी सर्वाधिक आढळणारा आजार आहे.

या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे. व्यक्तीला स्वतःला किंवा घरच्यांना बदल जाणवतो, वय व शिक्षण लक्षात घेऊन केलेल्या चाचणीतही तो दिसतो, परंतु रोजचे व्यवहार बव्हंशी नीट चाललेले असतात. डॉक्टर या स्थितीला 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' किंवा थोडक्यात एमसीआय म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केलेल्या मांडणीनंतर हे निदान सर्वत्र रूढ झाले. या लेखात तिला 'सौम्य ऱ्हास' म्हणू.

ही स्थिती दुर्मीळ नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यासांची छाननी केली, तेव्हा ६० ते ६४ या वयोगटात सुमारे ६.७ टक्के आणि ८० ते ८४ या वयोगटात सुमारे २५ टक्के लोकांत ती आढळत असल्याचे दिसले. पासष्टीपुढील सौम्य ऱ्हास असलेल्यांपैकी जवळपास १५ टक्के लोकांना दोन वर्षांत डिमेन्शिया झाला, म्हणजे त्या दोन वर्षांत बहुसंख्यांना झाला नाही. काहींची पुढची चाचणी तर पुन्हा सामान्य निघते. हे मुद्दाम सांगतो, कारण 'एमसीआय' ही तीन अक्षरे अहवालावर दिसली की अनेक घरांत लगेच मृत्युपत्र आणि वृद्धाश्रम यांची चर्चा सुरू होते, आणि ज्याच्याविषयी ती चालते तो माणूस शेजारच्या खोलीत सगळे ऐकत असतो.

निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या चाचण्या साध्या दिसतात, पण त्यांची रचना विचारपूर्वक केलेली असते. 'मोका' नावाने ओळखली जाणारी तीस गुणांची चाचणी पाहा. तीत पाच शब्द ऐकवून काही मिनिटांनी ते पुन्हा विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात आणि घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात. दहा मिनिटे का, तर 'दहा' हा शब्द ऐकताच हात आपसूक घड्याळातल्या दहाच्या आकड्याकडे ओढला जातो. ती ओढ थोपवून काटा दोनच्या आकड्याकडे न्यायला मनाचा लगाम लागतो. ज्यांचा लगाम सैल झालेला असतो ते अकरा आणि दहा या आकड्यांकडे दोन काटे काढून निर्धास्तपणे कागद परत देतात. स्मृतीखेरीज बुद्धीची किती निरनिराळी अंगे असतात, हे या एका घड्याळातून कळते.

सरावाच्या आधी तपासणी

कोणताही खेळ किंवा वर्ग निवडण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे, हा सल्ला औपचारिकता म्हणून दिलेला नाही. विस्मरणाची काही कारणे उपचारांनी दूर होणारी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे आपल्याकडचे ठळक उदाहरण आहे. शाकाहारी लोकांत ती अधिक आढळते आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ब-१२ कमी होऊ शकते. थायरॉइडचे काम मंदावणे, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणे, मद्यपान यांनीही स्मरण ढासळते. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेसाठी घेतली जाणारी काही जुनी औषधे आणि लघवीवरचा ताबा सुधारण्यासाठी दिली जाणारी काही औषधे म्हाताऱ्या माणसांत बुद्धीवर मळभ आणतात. ती बदलल्यावर काहींना इतका फरक पडतो, की सराव कशासाठी करायचा होता हेच विसरायला होते.

कानांची तपासणीही याच टप्प्यावर व्हावी. जे नीट ऐकूच आले नाही ते लक्षात राहणार कसे? शिवाय ऐकू कमी येणे हा डिमेन्शियाची जोखीम वाढवणारा घटक मानला जातो. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे जे १४ घटक सांगितले, त्यांत त्याला वरचे स्थान आहे. श्रवणयंत्राला नाके मुरडणारी आणि त्याच वेळी मेंदूच्या खेळांसाठी वर्गणी भरणारी कुटुंबे असतात. त्यांचा क्रम उलटा झाला आहे, असे मला वाटते.

सराव म्हणजे नेमके काय करतात?

बौद्धिक सराव म्हणजे स्मृती, लक्ष, तर्क किंवा आकलनाचा वेग यांपैकी ठरावीक क्षमतेवर, ठरावीक पद्धतीने, हळूहळू कठीण होत जाणाऱ्या पाठांद्वारे केलेले प्रशिक्षण. फावल्या वेळात पत्ते खेळणे, वाचन करणे किंवा भजनी मंडळात जाणे या गोष्टी मेंदूला चालना देतात आणि त्या चांगल्याच आहेत. पण संशोधनात ज्याला प्रशिक्षण म्हणतात ते याहून बांधीव असते.

याची सर्वांत गाजलेली परीक्षा 'अ‍ॅक्टिव्ह' नावाच्या अभ्यासात झाली. अमेरिकेत सहा ठिकाणी ६५ ते ९४ वयाच्या सुमारे २,८०० लोकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत विभागणी केली गेली. भरती १९९८ मध्ये सुरू झाली. एका गटाला स्मृतीचे धडे मिळाले: यादीतील वस्तूंचे गट पाडणे, मनात चित्र उभे करून शब्द लक्षात ठेवणे इत्यादी. दुसऱ्याला तर्काचे, म्हणजे अक्षरांच्या किंवा आकड्यांच्या मालिकेतला नियम ओळखून पुढचे काय ते सांगण्याचे. तिसऱ्याला वेगाचे. चौथ्या गटाला काहीच प्रशिक्षण नव्हते. प्रशिक्षणाच्या बैठका दहा, प्रत्येक सुमारे तासाभराची, पाच-सहा आठवड्यांत पुऱ्या. काहींना पुढे अकराव्या आणि पस्तिसाव्या महिन्यात उजळणीही मिळाली.

वेगाचा सराव जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते. संगणकाच्या पडद्याच्या मधोमध एक आकृती क्षणभर चमकते, मोटार किंवा ट्रक. त्याच क्षणी पडद्याच्या कडेला कुठे तरी दुसरी एक आकृती चमकून जाते. दोन्ही नाहीशा झाल्यावर मधली कोणती होती आणि कडेची कोणत्या बाजूला होती, हे सांगायचे. उत्तरे बरोबर येऊ लागली की चित्र दिसण्याचा अवधी आणखी कमी केला जातो, कडेची आकृती आणखी दूर सरकते, तिच्याभोवती लक्ष विचलित करणाऱ्या इतर आकृत्या येतात. यात पाठांतर नाही, युक्ती शिकवलेली नाही. एकाच नजरेत किती टिपता येते, एवढाच प्रश्न आहे.

प्रशिक्षण संपताच वेगाच्या गटातील ८७ टक्के, तर्काच्या गटातील ७४ टक्के आणि स्मृतीच्या गटातील २६ टक्के लोकांत त्या त्या क्षमतेत खात्रीलायक सुधारणा दिसली. दहा वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा तर्क आणि वेग यांतील फायदा काही प्रमाणात टिकून होता. स्मृतीतला फायदा विरून गेला होता. दहा वर्षांनंतर रोजची कामे सुरुवातीइतकीच किंवा अधिक सहज जमतात असे सांगणाऱ्यांचे प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्या गटांत सुमारे ६० टक्के आणि न घेतलेल्यांत सुमारे ५० टक्के होते. दहा तासांच्या शिकवणीने दहा वर्षांनी दहा टक्क्यांचा फरक दिसावा, हे कमी नाही; मात्र हे लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेले आहे, कोणी त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून मोजलेले नाही.

ज्याचा सराव, त्यातच प्रगती

वरच्या आकड्यांत एक गोष्ट चटकन नजरेतून सुटते. वेगाचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा वेग वाढला, तर्काचे घेतलेल्यांचा तर्क सुधारला. एकाचा लाभ दुसऱ्या चाचणीत फारसा उतरला नाही. तबल्यावर हात बसला म्हणून पेटीवर बोटे आपोआप फिरू लागत नाहीत, तसेच हे आहे. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मदतीने झालेल्या एका प्रयोगात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत सगळे तरबेज झाले. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या पण न खेळलेल्या चाचण्यांत मात्र सुधारणेचा पुरावा मिळाला नाही. ते लोक बहुतांशी तरुण आणि निरोगी होते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा वृद्धांना लावता येत नाही, पण मूळ अडचण तीच आहे.

जाहिराती याच ठिकाणी निसटती वाट काढतात. खेळातील गुण वाढल्याचा आलेख दाखवायचा आणि 'तुमचा मेंदू तरुण झाला' असे सुचवायचे. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने जानेवारी २०१६ मध्ये 'ल्युमॉसिटी' या लोकप्रिय खेळांच्या कंपनीवर याच स्वरूपाच्या दाव्यांसाठी कारवाई केली. वयानुसार होणारा ऱ्हास आणि डिमेन्शिया यांपासून हे खेळ बचाव करतात, हे सांगण्याइतका पुरावा कंपनीकडे नव्हता, असा आयोगाचा आक्षेप होता आणि कंपनीने वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. खेळ वाईट होते असे आयोगाने म्हटले नाही. बोट ठेवले ते दाव्यांवर.

पण ज्यांची स्मृती आधीच कमी झाली आहे, त्यांचे काय?

'अ‍ॅक्टिव्ह'मधले बहुतेक लोक निरोगी होते. तरीही चाचण्यांत स्मृती स्पष्टपणे कमकुवत असलेला सुमारे दोनशे लोकांचा एक छोटा गट त्यात सापडला आणि २००७ मध्ये त्यांचे वेगळे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांना स्मृतीच्या धड्यांचा उपयोग झाला नाही. तर्क आणि वेग यांच्या प्रशिक्षणाचा लाभ मात्र त्यांना इतरांइतकाच झाला.

या निष्कर्षावर थोडे थांबायला हवे, कारण तो घरोघरी चालणाऱ्या प्रकाराच्या नेमका उलट आहे. आई विसरते म्हणून आपण तिला याद्या पाठ करायला लावतो, नातवंडांचे वाढदिवस विचारतो, 'काल जेवायला काय होते?' अशी उलटतपासणी घेतो. जे अंग दुखावले आहे त्यालाच राबवल्याने ते बळकट होईल अशी यामागची समजूत असते. स्मृतीच्या युक्त्या वापरायच्या, तर आधी त्या युक्त्या लक्षात राहाव्या लागतात. ते ओझे दुखावलेल्या स्मृतीला पेलत नाही. शाबूत असलेल्या अंगांवर मेहनत घेणे आणि स्मृतीचे ओझे शक्य तितके बाहेर काढून ठेवणे, हा त्यापेक्षा शहाणा मार्ग आहे.

बाहेर काढून ठेवणे म्हणजे काय? मेयो क्लिनिकने सौम्य ऱ्हास असलेल्यांसाठी आखलेल्या कार्यक्रमात एका रोजनिशीचे प्रशिक्षण दिले जाते. तीत दर दिवसासाठी तीन जागा असतात: ठरलेल्या वेळेच्या गोष्टी, दिवसभरात केव्हाही करायची कामे, आणि काय घडले याची नोंद. रोजनिशी कोणीही विकत आणू शकते. प्रशिक्षण तिच्या सवयीचे असते. दिवसातून ठरावीक वेळी ती उघडायची, झालेल्या कामावर खूण करायची, कोणी काही सांगितले की तिथल्या तिथे लिहायचे, आणि हे इतक्या वेळा करायचे की हात न सांगता तिच्याकडे जावा. सोबतीला जोडीदार किंवा मूलही शिकते, कारण नंतर आठवण करून देण्याऐवजी 'वहीत बघा ना' असे म्हणायचे असते. सवयी बसवणारी स्मृती ही प्रसंग आठवणाऱ्या स्मृतीहून वेगळ्या यंत्रणेवर चालते आणि सौम्य ऱ्हासात ती बरीच शाबूत असते. ही पद्धत तिचाच आधार घेते.

एखादी गोष्ट डोक्यातच राहायला हवी असेल, उदाहरणार्थ कामाला येणाऱ्या नव्या ताईंचे नाव, तर अंतरा-अंतराने आठवण्याची पद्धत वापरता येते. 'ताईंचे नाव सुनंदा. काय नाव?' असे विचारून लगेच उत्तर घ्यायचे. मग अर्ध्या मिनिटाने तोच प्रश्न, मग एका मिनिटाने, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात इकडच्या तिकडच्या गप्पा. उत्तर चुकले तर 'आठव, आठव' करत ताणायचे नाही. बरोबर उत्तर लगेच सांगायचे, ते एकदा म्हणवून घ्यायचे आणि ज्या अंतरापर्यंत जमले होते तिथे परत यायचे. चुकीचे उत्तर तोंडून गेले की तेही मनात रुजते, म्हणून अंदाज करायला लावणे टाळायचे. या पद्धतीने मिळवलेले नाव हे एकच नाव असते. त्याने इतर नावे आठवू लागत नाहीत. पण रोज ज्यांना हाक मारायची त्यांचे नाव घेता येणे हीच गरज असेल तर ती भागते.

शब्दकोडे की संगणकावरचे खेळ?

हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि योगायोगाने त्यावर सौम्य ऱ्हास असलेल्या लोकांतच एक नेटका प्रयोग झाला आहे. कोलंबिया आणि ड्यूक या विद्यापीठांतील संशोधकांनी १०७ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला संगणकावर मेंदूचे खेळ आणि दुसऱ्याला शब्दकोडी दिली. पहिले बारा आठवडे आठवड्यातून चारदा अर्धा अर्धा तास, पुढे अधूनमधून उजळणी, असे एकूण ७८ आठवडे चालले. खेळ सरस ठरतील अशी अपेक्षा होती; २०२२ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा शब्दकोडी सोडवणारे थोडे पुढे होते.

रविवारच्या पुरवणीतले कोडे नेमाने सोडवणाऱ्यांना यात समाधान वाटावे, मलाही वाटले. पण काहीच न करणारा तिसरा गट प्रयोगात नव्हता, लोक थोडे होते, आणि ज्यांना कोड्यांची आयुष्यभराची सवय आहे त्यांना तेच कोडे मेंदूला ताण देईल का, हा प्रश्न उरतोच. सुडोकू मिनिटभरात सुटत असेल तर तो आता सराव राहिलेला नाही, विरंगुळा झाला आहे. विरंगुळ्यालाही किंमत आहे, फक्त त्याला औषध म्हणू नये.

याने डिमेन्शिया टळतो का?

'अ‍ॅक्टिव्ह'च्या माहितीवरून २०१७ मध्ये असे मांडले गेले की वेगाचे प्रशिक्षण घेतलेल्यांत दहा वर्षांच्या काळात डिमेन्शियाची जोखीम प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी होती. स्मृती आणि तर्क यांच्या गटांत असा ठोस फरक दिसला नाही. निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे. तो वाचताना तीन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. अभ्यास सुरू झाला तेव्हा डिमेन्शिया हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता. कोणाला डिमेन्शिया झाला हे प्रत्येकाची डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून ठरवलेले नव्हते, तर चाचण्यांतील गुण आणि व्यक्तीने किंवा नातेवाइकांनी दिलेली माहिती यांवरून ठरवलेले होते. आणि सहभागी लोकांपैकी बहुतेकांना सुरुवातीला सौम्य ऱ्हास नव्हता. म्हणून आज ज्यांना सौम्य ऱ्हास आहे त्यांना 'हे करा, पुढचे टळेल' असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा व्यक्तींना बौद्धिक सराव सुचवता येईल असे म्हटले, आणि त्याच ओळीत पुराव्याची प्रत कमी ते अतिशय कमी असल्याचेही नोंदवले. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीचा सूरही असाच आहे: सौम्य ऱ्हासात शारीरिक व्यायाम आठवड्यातून दोनदा करण्याची शिफारस ठामपणे, बौद्धिक सरावाची सौम्यपणे.

एकट्या सरावावर भिस्त का ठेवू नये

फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या 'फिंगर' अभ्यासात ६० ते ७७ वयाचे, जोखीम असलेले १,२६० लोक होते. निम्म्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉल यांवर लक्ष हे सगळे एकत्र मिळाले. बाकीच्यांना नेहमीचा आरोग्यसल्ला. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या गटातील एकूण बौद्धिक सुधारणा दुसऱ्यापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. आकलनाचा वेग आणि नियोजनाची क्षमता यांत फरक ठळक होता, स्मृतीच्या मुख्य मोजणीत मात्र नव्हता. इथेही तेच दिसते: इतर अंगे सुधारतात, स्मृती मागे राहते.

सुरुवातीला उल्लेख आलेला 'यूएस पॉइंटर' हा याच धाटणीचा, ६० ते ७९ वयाच्या २,१११ लोकांचा अभ्यास. त्यात एका गटाला नियमित बैठका आणि देखरेखीसह कार्यक्रम मिळाला, दुसऱ्याला स्वतःच्या सोयीने करण्याची मोकळीक. दोन्ही गट सुधारले, देखरेखीखालचा थोडा जास्त. काहीच न करणाऱ्यांचा गट नसल्याने सुधारणेतील काही भाग त्याच चाचण्या पुन्हा दिल्याच्या सवयीचाही असू शकतो. आणि अशा एकत्रित कार्यक्रमात यश व्यायामाचे, आहाराचे की बौद्धिक सरावाचे, हे वेगळे काढता येत नाही. घरगुती निर्णयासाठी त्याची तितकी गरजही नाही. रोजचे चालणे, रक्तदाबाची गोळी न चुकवणे, कानाचे यंत्र आणि चार माणसांत ऊठबस या गोष्टी जागच्या जागी ठेवून उरलेल्या वेळात सराव करावा. एका जागी बसून तासभर मोबाइलवर खेळण्यासाठी संध्याकाळचे फिरणे बंद झाले, तर सौदा तोट्याचा आहे.

'आमच्या आई शाळेतच गेल्या नाहीत'

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वर सांगितलेले जवळपास सर्व अभ्यास शिकलेल्या, कागद-पेन्सिल हाताळणाऱ्या परदेशी लोकांवर झाले आहेत. भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ग्रामीण भागाचे व स्त्रियांचे प्रमाण अधिक दिसते. यांपैकी अनेकींच्या हाती कधी पाटीही आली नव्हती. घड्याळ काढता आले नाही याचा अर्थ त्यांच्या बाबतीत काहीही असू शकतो. अक्षरओळख गृहीत न धरणाऱ्या चाचण्या आपल्याकडे आहेत. हरियाणातील बल्लभगढच्या गावांत घडवलेली हिंदी चाचणी हे त्यांचे जुने उदाहरण. तपासणीला जाताना आईचे शिक्षण किती, ती घरात कोणती भाषा बोलते, आयुष्यभर कोणते काम केले, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

शाळा हे बुद्धीच्या मशागतीचे एकमेव साधन नाही, याचाही पुरावा आपल्याच शेजारी आहे. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची सुरुवात एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि निरक्षर लोकांतही हा फरक दिसला. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि टीव्हीवर हिंदी असे ज्या आजीचे आयुष्य गेले, तिच्या मेंदूने अदलाबदलीचा सराव भरपूर केलेला असतो.

अशा व्यक्तीसाठी सराव तिच्या कामातूनच काढावा. लाडूंसाठी साहित्याचे प्रमाण सहा माणसांऐवजी दहा माणसांसाठी काढणे, भाजीवाल्याचा हिशेब तोंडी करणे, हरिपाठातला पुढचा अभंग कोणता ते सांगणे, वाती मोजत असताना कोणी मध्येच बोलले तरी आकडा न सोडणे. यावर मोठे प्रयोग झालेले नाहीत, म्हणून याचे आकडे देता येत नाहीत. पण सराव ज्याचा, प्रगती त्यात, हे तत्त्व खरे असेल तर तिच्या उपयोगाची प्रगती इथेच आहे.

वर्ग किंवा अ‍ॅप घेण्याआधी

सशुल्क कार्यक्रम विकणाऱ्याला विचारावे, की सुधारणा कशात मोजली: खेळातल्या गुणांत, वेगळ्या चाचणीत, की रोजच्या व्यवहारात? ती सौम्य ऱ्हास असलेल्या लोकांत मोजली की निरोगी लोकांत? शिकवणी मराठीत मिळेल का? परक्या भाषेतल्या सूचना समजून घेण्यातच दमणूक झाली, तर सराव भलत्याच गोष्टीचा होतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, अर्ध्या ते एका तासाची बैठक दोन-तीन महिने करून पाहावी. गुण नव्हे, तर आधी ठरवलेली एखादी साधी गोष्ट तपासावी, जसे की औषधाची डबी आठवडाभर कोणी न सांगता रिकामी होते का. चिडचिड वाढत असेल, रोज हरल्याची भावना होत असेल, तर थांबावे. माणूस उदास झाला तर त्याचे स्मरण आणखी घसरते.

दर सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासणी करून घ्यावी. मदत कुठे मिळेल याची माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही 'टेलिमानस' हेल्पलाइन, या दोन्ही विनाशुल्क आहेत. तपासणीत किंवा घरात असे दिसू लागले की बँकेचे काम, गॅस, औषधे हे आता एकट्याने जमत नाही, तर पायरी बदलली आहे, आणि अशा वेळी वर वर्णन केलेला चढत्या कठीणतेचा सराव रेटू नये. डिमेन्शियाच्या सौम्य ते मध्यम अवस्थेसाठी वेगळी, गटात करायची पद्धत आहे: सात आठवड्यांत चौदा बैठका, त्यांत गाणी, जुन्या वस्तू, बातम्या, खाद्यपदार्थ यांवरून गप्पा, आणि उत्तर बरोबर की चूक यापेक्षा मत काय याला महत्त्व. ब्रिटनमध्ये तयार झालेली ही पद्धत चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने तमिळ ज्येष्ठांसाठी रुळवून वापरली आहे; ती करून घेणारे प्रशिक्षित लोक आपल्या शहरात कोण आहेत, हे मेंदूविकारतज्ज्ञांना किंवा जवळच्या स्मृती-चिकित्सालयाला पुढच्या भेटीतच विचारून ठेवावे.